चुकून केलं तर शेळी, मुद्दाम केलं तर काय?

संडेस्कूलवाली (अहिल्यानगर):
सगळ्यांना सलाम. मंडळीतली संडे स्कूलची मोठी मुलं माझ्याकडे असतात. बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक, त्याचा अध्याय ४ घेतला, क्षमेसाठी कुणी कोणत्या जनावराचा बळी द्यायचा याचा फळ्यावर तक्ता काढला. चुकून पाप घडलं तर मुख्य याजकाला गोऱ्हा, सबंध मंडळीलाही गोऱ्हा, अधिपतीला बोकड, साध्या माणसाला शेळी नाहीतर मेंढी. ऐपत नसेल तर पाचव्या अध्यायात दोन होले (पक्षी), तेही परवडत नसतील तर नुसतं सपीठ. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, मुद्दाम केलं तर कोणतं जनावर?" त्याच करारातल्या गणना या पुस्तकाचा अध्याय १५ उघडला, तर तिथे उद्दामपणे पाप करणाऱ्याचा उच्छेदच सांगितलाय! मग दावीद राजाने आपल्याच सैनिकाला, उरीयाला, त्याच्या बायकोपायी ठरवून मारवलं, त्याला क्षमा कशी? पाळकसाहेब (आमचे पास्टर) म्हणाले, "कृपा शिकवा." बरोबर आहे, पण ही कार्टी तेवढ्यावर सोडणार नाहीत.

जुना_करार:
ताई, लेवीयचंच पान उलटा. ६:१-७. शेजाऱ्याची ठेव नाकारली, कुणाला लुबाडलं, सापडलेली वस्तू दडवून वर खोटी शपथ घेतली. यातलं चुकून काय होतं? तरी क्षमा आहे. आधी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यायचा, मेंढा घेऊन याजकाकडे जायचं. हजार हडपले असतील तर बाराशे मोजा. गणना १५ मधला माणूस देवाचं वचनच तुच्छ मानतो, तो क्षमा मागायला येतच नाही. दाविदाचं पाप मात्र या तक्त्यात बसत नाही, आणि स्तोत्र ५१ मध्ये यज्ञाऐवजी तो भग्न हृदय घेऊन येतो. क्षमा मिळाली तरी त्याचं मूल गेलंच, घरातली तलवारही, म्हणजे घरातला रक्तपातही, हटली नाही. मुलांना हेही सांगा.

वसईचा_पोर:
आमच्या कॅथलिकांत कुमसाराच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, तयारीत हे शिकवतात. पाप प्राणघातक ठरायला बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत हवं आणि राजीखुशीने केलेलं हवं. यातलं एक कमी पडलं तर तसं धरत नाहीत. पण 'मला माहीतच नव्हतं' ही पळवाट फार चालते. माहीत करून घ्यायचं टाळलं असेल तर? नव्या करारात लूक १२ मध्ये धन्याची इच्छा न जाणणाऱ्या चाकरालाही फटके आहेतच, थोडे का होईना. आणि फादरांनी पापमुक्ती दिली म्हणून चोरीचा माल आपला होत नाही, तो परत करावाच लागतो.

नवीन_सभासद:
मग नव्या करारातल्या इब्री १०:२६ चं काय? जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापासाठी यज्ञच उरत नाही म्हणे. ते वाचल्यापासून आईची झोप उडालीय.

जुना_करार:
२९वं वचनही वाचून दाखवा. तिथे देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणाऱ्याची गोष्ट आहे. छळामुळे ख्रिस्तालाच सोडायला निघालेल्यांना तो इशारा आहे, असं मी समजतो. आई रडून क्षमा मागतायत, त्या यात बसतातच कुठे? येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर येशूला तीनदा नाकारलं, तेही शुद्धीवर असताना.

संडेस्कूलवाली:
आभारी आहे. रविवारी पाचव्या हिश्श्याची गणितंच घालते. तेवढ्यात एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंय, ज्याचे पैसे घेतले तो मेला असेल तर?

जुना_करार:
गणना ५:८. त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायचे. तोही नसेल तर ती रक्कम परमेश्वराची, याजकाकडे जाते. नातलग आधी बघायचा मात्र, थेट दानपेटीत टाकून मोकळं व्हायचं नाही.