मदत हवी आहे: नेपोलियनच्या काळात फटक्यांविरुद्ध शिपायाला दाद मिळायची का?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी त्या काळच्या इंग्रजी पलटणींतल्या फटक्यांच्या शिक्षेवर लिहितोय आणि एका जागी गाडं अडलंय.

प्रकरण गव्हर्नर जोसेफ वॉलचं. पश्चिम आफ्रिकेजवळचं ‘गोरे’ नावाचं बेट, जुलै १७८२. वॉल दुसऱ्या दिवशी बेट सोडणार, म्हणून शिपाई शिध्यापोटी थकलेले पैसे मागायला गेले. त्याने ते बंड ठरवलं. सार्जंट बेंजामिन आर्मस्ट्राँगला तोफेच्या गाड्याला बांधून ८०० फटके मारले. एरवी हे काम पलटणीतल्या ड्रमवाल्यांचं आणि हत्यार चाबूक. इथे गुलामांच्या हाती जवळजवळ इंचभर जाडीचा दोर दिला, दर २५ फटक्यांना माणूस बदलून. काही दिवसांत आर्मस्ट्राँग गेला. वॉल परागंदा झाला, पण जानेवारी १८०२ मध्ये लंडनला फासावर चढला.

आता गोम अशी. बंड होतं आणि जागेवरच कोर्ट मार्शल भरवलं, हा वॉलचा बचाव ज्यूरीने मानला नाही, म्हणून तो लटकला. ८०० हा आकडा कायद्याला खुपलाच नव्हता! १००० ची मर्यादा आली तीच १८०७ मध्ये. पाच अधिकारी बसवून रीतसर कागद रंगवले असते तर वॉल अंथरुणात मेला असता, असं माझं मत.

लष्करी कायद्यात तक्रारीचं कलम होतं. कॅप्टनने अन्याय केला तर शिपायाने पलटणीच्या प्रमुखाकडे जायचं, त्याने त्याच पलटणीचं कोर्ट बसवायचं, त्यावर वरच्या कोर्टात अपील. आणि अपील खोडसाळ ठरलं तर शिक्षा अपील करणाऱ्यालाच! या वाटेने जाऊन १७९३ ते १८१५ दरम्यान एखादा साधा शिपाई जिंकल्याचं उदाहरण कुणाला माहीत आहे का? इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटचं प्रकरण नको. तिथे फटक्यांवर लिहिणारा १८१० मध्ये तुरुंगात गेला; फटके खाणाऱ्यांच्या पदरी काय पडलं?

दुसरं, आपल्याकडचं. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्ये देशी शिपायांचे फटके बंद केले (गोऱ्यांचे चालूच राहिले). त्याआधीचे, मुंबई लष्कराच्या कोर्ट मार्शलचे कागद काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात कुणी पाहिलेत का? कुठलं दप्तर मागायचं? शिपायांचे अर्ज मोडीत असले तरी चालतील, मोडी वाचता येते.