‘बॅरन हॅरिस ऑफ सेरिंगापटम’ : जहागीरदार म्हणावे का?

दप्तरदार : मुंबईच्या शालेय क्रिकेटवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करत आहे. हॅरिस शील्ड ज्यांच्या नावाने खेळली जाते ते लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे पणजोबा जनरल जॉर्ज हॅरिस यांनी १७९९ मध्ये टिपूचे श्रीरंगपट्टण जिंकले, आणि त्याबद्दल १८१५ मध्ये त्यांना श्रीरंगपट्टण, म्हैसूर व बेल्माँट अशी तीन नावे जोडलेली पिढीजात बॅरनगिरी, म्हणजे ब्रिटिश सरदारकीचा एक दर्जा, मिळाली. मी ‘श्रीरंगपट्टण व म्हैसूरचे जहागीरदार’ असे लिहिले. संपादकांनी त्यावर फुली मारली. मग काय लिहावे?

कुलाबकर : फुली योग्यच आहे. जहागीर म्हटली की महसूल आला. टिपू पडल्यावर म्हैसूरची गादी वडियारांच्या बालराजाला मिळाली आणि श्रीरंगपट्टणाचे बेट कंपनीने स्वतःकडे ठेवले. हॅरिस यांना तिथला एक रुपयाही सारा मिळण्याचा प्रश्न नव्हता. पहिली दोन नावे पराक्रमाची, तिसरे केंटमधल्या राहत्या वाड्याचे. आंग्र्यांचे ‘सरखेल’ किंवा गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’ जसे घराण्यात चालत आले, त्याच जातीचा हा ‘किताब’ आहे.

शुद्धमती : ‘किताब’ कशाला? निम्म्या वाचकांना पुस्तक आठवेल. ‘उपाधी’ हा आपला शब्द असताना फारसी दप्तर उघडण्याचे कारण कळले नाही.

कुलाबकर : पुस्तकाचा ‘किताब’ वेगळा, हा मूळ अरबी ‘खिताब’. हिंदकेसरीचा किताब जिंकणाऱ्या मल्लाला कोणी ग्रंथपाल समजत नाही.

मोडीवाचक : जमिनीचा संबंध नसतोच, हे मात्र सरसकट म्हणू नये. वेलिंग्टनच्या ड्यूकला, म्हणजे असईच्या लढाईतल्या वेलस्लीलाच, पुढे वॉटर्लूनंतर पार्लमेंटच्या पैशाने स्ट्रॅटफील्ड सेची इस्टेट घेऊन दिली गेली, आणि तिचा खंड म्हणून त्याचे वंशज दरवर्षी १८ जूनला विंडसरला राजाकडे एक छोटा तिरंगी फ्रेंच ध्वज हजर करतात. हा नजराणा नव्हे तर काय?

रानवारा : आमचे आजोबा अशा सगळ्यांना ‘जंगी लाट’ म्हणत. हा ‘लाट’ प्राचीन लाट देशावरून, म्हणजे दक्षिण गुजरातवरून, आला असावा, असे माझे मत आहे.

शुद्धमती : ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला, एवढेच; गुजरातपर्यंत जाण्याची गरज नाही.

कुलाबकर : शिवाय जंगी लाट हा सरसेनापतीचा हुद्दा, घराण्याचा मान नव्हे. किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे जंगी लाट होते. तो हुद्दा त्यांच्यानंतर दुसऱ्याकडे गेला. सुदानमधल्या खार्टूमचे नाव जोडलेला त्यांचा पिढीजात किताब मात्र ते १९१६ मध्ये निपुत्रिक वारल्यावर, सनदेत तशी खास तरतूद असल्यामुळे, थोरल्या भावाकडे गेला. तिथे दत्तक चालत नाही.

रानवारा : मग ‘लाटसाहेब’ कोणाला म्हणायचे, हुद्देदाराला की वारसदाराला?

शुद्धमती : दोघांनाही ‘उमराव’ म्हणू नका, एवढे करा, तोही अरबीच आहे.