बाळंतिणीचं बीपी कुणी बघायचं? (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आयांविषयी)

ओवी: मी फिलाडेल्फियात नर्स आहे. 2023 मध्ये अमेरिकेत दर लाख जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय आया दगावल्या, गोऱ्या 14.5. बाळंतिणीचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात चढतं, आणि बहुतेकींना तोवर घरी पाठवलेलं असतं. आपल्याकडे सव्वा महिना उशाशी कुणीतरी असतं. इथे भरपगारी रजेचा देशभर लागू असा कायदाच नाही. आई, बहीण कामावर. मागे एकीकडे गेले होते. थोरलं पायाशी, तान्हं खांद्यावर, डोकं ठणकतंय. म्हणाली, जागरणाने असेल. बीपी 158/104! माझं म्हणणं, वस्तीतल्याच दूलांनी (बाळंतपणात सोबत करणाऱ्या बायकांनी) घरोघर जाऊन बीपी मोजावं.

गवतीचहा: ओवीताई, कळकळ पोचली, पण पटलं नाही. 160/110 वर टिकून राहिलं तर तासाभरात औषध लागतं. दूला आकडा वाचून काय करणार? शलॉन अर्विंग आठवा. सीडीसीत (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत) साथरोगतज्ज्ञ, चांगला विमा, तरी जानेवारी 2017 मध्ये बाळ तीन आठवड्यांचं असताना बीपीच्या गुंतागुंतीने गेली. त्या तीन आठवड्यांत ती पुन्हापुन्हा दाखवायला गेली होती हो. हॉस्पिटलं सुधारायची सोडून भार वस्तीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

ओवी: डॉक्टर ऐकून घेत नाहीत, हे खरंच आहे. पण इथलाच एक अभ्यास बघा. तपासणीला दवाखान्यात बोलावलं तेव्हा कृष्णवर्णीय बायकांपैकी 33 टक्क्यांचंच बीपी नोंदलं गेलं, इतरांपैकी 70. मशीन घरी देऊन मेसेजवर आकडा विचारला, तर 93 आणि 91.

माजघर: मग त्यात दूला कुठे होती? मशीन आणि मेसेज पुरले की.

ओवी: आकडा कळायला पुरले. पण पट्टा दंडाला लहान पडला तर बीपी उगाच जास्त दिसतं, खूप जाड दंडाला वीसेक अंकांनीसुद्धा. ते शेजारी बसूनच बघावं लागतं.

गवतीचहा, औषधाच्या मुद्द्यावर मात्र मी माझं म्हणणं बदलते. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांचं बीपी न्हाव्याच्या दुकानात बघितलं गेलं, त्याचा अभ्यास 2018 मध्ये आला. जिथे औषध लिहून देणारे फार्मासिस्ट दुकानातच यायचे, तिथे सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला. जिथे न्हाव्याने नुसतं समजावलं, तिथे 9 ने. ओळखीचा न्हावी दोन्हीकडे होता. म्हणजे दूलाच्या जोडीला औषध बदलू शकणारी नर्स वस्तीतच हवी.

गवतीचहा: हे पटतंय. पण त्या पुरुषांच्या हाताशी महिने होते, बाळंतिणीकडे तास असतात. रात्री दोनला 170 आलं तर फोन कोण उचलणार? ॲम्ब्युलन्सवाल्यांना ‘ही आठ दिवसांची बाळंतीण आहे’ हे कोण सांगणार?

ओवी: फोन हॉस्पिटलनेच उचलायचा, चोवीस तास. सांगायला दूला.