बोधनिक मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सांख्यिकी: आधी सूत्रं की आधी सिम्युलेशन?

तिरकस:
टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना), मग अनोव्हा (अनेक गटांची तुलना), मग रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज) हा ठरलेला क्रम मोडायला हवा. पहिल्याच तासाला ‘आर’ हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर उघडून मुलांना सिम्युलेशन करायला, म्हणजे खोटा डेटा बनवायला लावा. फरक शून्य असलेल्या दोन गटांची हजार वेळा तुलना केली की साधारण ५० वेळा पी (फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येतोच, म्हणजे नसलेला फरक ‘सापडतो’. मग नियम बदला: गटात २० जण घेऊन निकाल पाहायचा, नाही जमलं तर आणखी १० घेऊन परत पाहायचा. तेच ५० आता पाऊणशेच्या घरात जातात. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवलं होतं. फळ्यावर हे पटत नाही.

शंकासूर:
कोड चालवला म्हणजे कळलं, असं नाही. मुलं कोड उचलतात, आलेख रंगवतात आणि प्रमाण त्रुटी (नमुन्याच्या सरासरीतली अपेक्षित चूक) नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाने का घटते ते विचारलं की गप्प. दोन पानं हाताने सोडवू देत आधी.

मधली_ओळ:
तुम्ही दोघंही पी-मूल्यातच अडकलात. आपल्या प्रयोगांची खरी अडचण वेगळी आहे. ३० जणांना ४० शब्द दाखवले, प्रत्येकाच्या प्रतिक्रियाकालाची सरासरी काढली, चाचणी लावली. शब्दाशब्दांतला फरक त्या सरासरीत गडप! निष्कर्ष मात्र ‘सगळ्या शब्दांबद्दल’. मानसभाषाशास्त्रज्ञ क्लार्कने १९७३ मध्ये यावर बोट ठेवलं; सहभागी आणि शब्द दोन्ही यादृच्छिक (मोठ्या समूहातून आलेले नमुने) धरणारी मिश्र प्रतिमानं आपल्याकडे रुळली ती २००८ नंतर. तरी अभ्यासक्रम अनोव्हावर संपतो. मिश्र प्रतिमानापासूनच सुरुवात का करू नये?

शंकासूर:
क्लार्कचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. त्याने सुचवलेला मिन-एफ-प्राइम (सहभागी आणि शब्द दोन्हींतला फरक धरणारं गुणोत्तर) अनोव्हातूनच निघतो. त्या गुणोत्तराच्या छेदात कोणतं प्रसरण (आकड्यांचं विखुरलेपण) येतं हे ज्याला उमगलं, त्याला मिश्र प्रतिमान वेगळं शिकवावं लागत नाही.

तिरकस:
हे खरं, पण प्रत्येक सहभागीच्या रकान्यात सारखी निरीक्षणं असतील तरच. चुकीची उत्तरं वगळली की कुणाचे ३८ शब्द उरतात, कुणाचे ३१. तिथे तुमचा छेद लंगडतो.

शंकासूर:
मान्य. पण मिश्र प्रतिमानात काय होतं तेही सांगा ना. बार या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा सल्ला वाचून विद्यार्थी शक्य तितके यादृच्छिक उतार (परिणाम माणसागणिक, शब्दागणिक बदलू देणारे घटक) भरतो. प्रतिमान अभिसरत नाही, म्हणजे गणना एका उत्तरावर स्थिरावत नाही. मग एकेक उतार काढत जातो, आणि कुठे थांबतो? तारा (पी ०.०५ च्या खाली गेल्याची खूण) दिसला तिथे. तुमच्या त्या ‘आणखी १०’ वाल्यापेक्षा हा वेगळा कसा?

मधली_ओळ:
म्हणून तर खोटा डेटा हवा. खरा परिणाम किती ते स्वतःच ठरवलेलं असतं, त्यामुळे उतार काढल्यावर चुकीचे होकार (नसलेला परिणाम ‘आहे’ म्हणणं) किती वाढले ते मोजता येतं. कागदावर हे मोजून दाखवा.

शंकासूर:
नाही दाखवता येणार. पण कोड चालवण्याआधी अंदाज कागदावर लिहून घ्या, कारणासकट. गुण त्या कारणाला.