दगडाला गाव हवं की नुसतं रूप पुरे?

सड्यावरचा

गेल्या शनिवार-रविवारी चिपळूणला एका मंगल कार्यालयात खनिजांचं प्रदर्शन होतं. मोजून चौदा टेबलं. त्यातली निम्मी अंगठ्या-माळांची, ती सोडून देऊ. उरलेल्या टेबलांवर जे पाहिलं त्यावरून परतीच्या एसटीत मित्राशी रत्नागिरी येईपर्यंत भांडलो. तो वाद इथे आणतोय.

एका टेबलावर ॲपोफिलाइट नावाच्या खनिजाचा स्फटिक होता. मुठीएवढा, खोक्यासारखा चौकोनी, स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाच्या फिकट गुलाबी गादीवर बसलेला. बाजूने बघितलं तर नुसती काच. सपाट माथ्यावरून वाकून बघितलं की आत मोत्याची झाक. याचं एक जुनं नाव 'माशाच्या डोळ्याचा दगड' अशा अर्थाचं आहे. ते का, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जाळ्यातून आत्ताच सोडवलेल्या बांगड्याचा डोळा आठवा. किंमत साडेसहा हजार. लेबलवर दोन शब्द, 'ॲपोफिलाइट, भारत'.

विक्रेत्याला विचारलं, भारतात कुठे? म्हणाला, जळगाव. नक्की ना? तर म्हणतो, "पुणे लिहून देऊ का? पुण्याला मागणी जास्त असते."

होता तिथे ठेवला.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक आजोबा होते. त्यांच्याकडे स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचा झुबका, एका बाजूच्या सुया पार मोडलेल्या. पण खाली घडी घातलेली चिठ्ठी, शाईच्या अक्षरात: पेण तालुक्यातल्या एका गावाचं नाव, खाणीतली तळापासून दुसरी पायरी, मार्च १९९४. चारशे रुपये. घेतला. मित्र अजून हसतोय.

माझं म्हणणं एवढंच, गाव माहीत नसलेला दगड शोकेसमध्ये ठेवा, संग्रहात नको. बोला.

भरती_ओहोटी

मी त्याच प्रदर्शनाला होते आणि तो ॲपोफिलाइट रविवारी दुपारी मी घेतला. साडेपाच हजारांना दिला. धन्यवाद 😄

तुमचं सगळं वाचलं. ज्या दगडावर तुम्ही आठ ओळी लिहिल्यात तो टेबलावर ठेवून आलात, आणि ज्याच्यावर एक ओळ लिहिलीत तो घरी आणलात. यातच काय ते आलं. दगड बघायचा असतो. मी कागद गोळा करत नाही.

आणि लेबलावर एवढा भरवसा? लेबल कोणीही लिहितो. तुमच्यासमोर तो माणूस जळगावचं पुणे करायला निघाला होता. स्फटिक असा हवा तसा बदलता येतो का?

मालवणी_तिरफळ

मेल्या, दगडाक पासपोर्ट कित्याक व्हयो? बांगडे घेताना खंयच्या होडयेचे ते इचारतंस काय? ताजे दिसले की घेतंस.

साडेसहा हजार ऐकान माझी बायल माका दगडासकट घराभायर काढीत ता येगळा.

सड्यावरचा

@मालवणी_तिरफळ विचारतो की! मिरकरवाडा बंदरावर उभं राहून आई आधी हेच विचारायची, आजचा की बर्फातला, कुठल्या होडीचा. उत्तर द्यायला कोळीण अडखळली की पुढच्या पाटीकडे. तुम्ही नाही विचारत? मग तुम्हाला काय खायला घालतात देव जाणे.

@भरती_ओहोटी अभिनंदन, मनापासून. जळलो थोडा. पण 'स्फटिक बदलता येत नाही' हे नका सांगू. त्याच हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलावर गुलाबी आणि पोपटी ओकेनाइट होते. ओकेनाइट म्हणजे पांढऱ्या कापसाचा गोळा. तो पोपटी झाला म्हणजे रंगात बुडवलेला. पुण्याजवळच्या वाघोलीत निघणाऱ्या कॅवन्साइट या निळ्या खनिजाचे सुटे गोळे स्टिल्बाइटवर गोंदाने चिकटवून विकतात, तेही ऐकिवात असेलच.

भरती_ओहोटी

ऐकिवात कशाला, एकदा फसले आहे. तेव्हापासून पर्समध्ये दहापटीचं भिंग आणि अतिनील टॉर्च असते. काळोखात टॉर्च मारली की बऱ्याचदा गोंद चमकून उठतो. म्हणजे पुन्हा डोळाच कामी आला ना? त्या चिकटवलेल्या कॅवन्साइटला लेबल एकदम झकास होतं. वाघोली, पुणे, महाराष्ट्र, सगळं अगदी बरोबर. गाव खरं आणि दगड खोटा.

मास्तर_दापोली

दोघांचंही अर्धं बरोबर म्हणून सुटका करून घेणार नाही. मी सड्यावरच्यांच्या बाजूने आहे. कारण मात्र वेगळं.

दख्खनचा बसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपत राहिलं, बरोबर विरघळलेली द्रव्यं घेऊन, आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. कुठलं खनिज वाढणार हे बरंचसं उष्णतेवर ठरतं, आणि उष्णता खोलीवर. पश्चिम भारतातल्या या खनिजांचे पट्टे भूशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मांडले. किनाऱ्याच्या बाजूला लॉमोंटाइट, मग स्कोलेसाइट, आणि पूर्वेकडे घाटावर ह्युलँडाइट-स्टिल्बाइट. हे मांडता आलं ते कुठला तुकडा कुठून उचलला हे लिहून ठेवलं होतं म्हणून. त्या चारशे रुपयांच्या मोडक्या सुयांवर गाव आणि पायरी दोन्ही आहेत. मोत्याची झाक असलेल्या दगडाकडे यातलं काही नाही.

(जाता जाता: ॲपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे. झिओलाइट म्हणजे स्टिल्बाइट, स्कोलेसाइट वगैरेंचा गट, हा त्यांच्या शेजारी राहतो इतकंच. प्रदर्शनात निम्म्या टेबलांवर तशी पाटी होती, मी दोघांना सांगितलं, दोघांनी मला चहा दिला आणि पाटी तशीच ठेवली.)

खडीवाला

वाचत होतो, आता राहवत नाही.

आमचा क्रशर होता, पनवेलच्या बाजूला. २००९ला बंद केला. तुम्ही सगळे 'उचलला', 'लिहून ठेवला' म्हणता, तर तो कोण उचलतो ते सांगतो. सुरुंग उडाला, धूळ बसली, की कामगार भिंतीखाली शिरायचे. भिंत तेव्हा सगळ्यात वाईट असते, वरून दगड कधी सुटेल सांगता येत नाही. एखादी पोकळी उघडी पडलेली दिसली की पहारीने आजूबाजूचा खडक सोडवून गारा काढायच्या. आमच्याकडे सगळ्यालाच गारा म्हणायचे. तुमचा स्कोलेसाइट म्हणजे 'सुईगार'. तुसात घालून पोत्यात, आणि संध्याकाळी एजंट यायचा. मुकादमाची नजर चुकवून. मालकाला खडीशी मतलब, गारा निघायला लागल्या की काम थांबतं.

एजंट गाव का सांगत नाही? सांगितलं तर दुसऱ्या आठवड्यात दुसरा एजंट, तिसऱ्या आठवड्यात मुंबईचे हौशी लोक पाठीवर सॅक घेऊन. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ परवानगी न घेता सुट्टीच्या दिवशी भिंतीखाली हातोडी मारताना सापडले. काही झालं असतं तर आत माझे वडील गेले असते. तेव्हापासून वडिलांनीच सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर म्हणायचं जळगाव.

तेव्हा ते 'भारत' लिहिलेलं लेबल आळशीपणाचं असेल असं नाही. कोणीतरी कोणाचं तरी पोट सांभाळलेलं असेल.

सड्यावरचा

@खडीवाला यावर माझ्याकडे झटकन उत्तर नाही. भिंतीखालचं माहीत नव्हतं.

पण खाण चालू असताना लपवा, समजतं. बंद झाल्यावर? मालाडच्या खाणींतून ओकेनाइट आणि प्रेहनाइट जगभर गेले. आज तिथे इमारती आहेत. बोरघाटात रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं, त्या खोदाईतले दगड विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. ती खोदाई परत होणार नाही. चिठ्ठी हरवली की ती जागा गेलीच. आणि 'पुणे' म्हणाल तर जुन्या व्यापाऱ्यांनी घाटाखालचं-घाटावरचं सगळं पुण्याच्या नावावर खपवलं. 'पूनालाइट' नावाचं वेगळं खनिजच मानलं जात होतं, पुढे तो आपला मेसोलाइट, स्कोलेसाइटचाच भाऊबंद, निघाला!

भरती_ओहोटी

खडीवाल्यांनी लिहिलं ते वाचून माझ्या टेबलावरच्या ॲपोफिलाइटकडे जरा वेगळं बघितलं. पण मत तेच. उलट पक्कं झालं. जिथे गाव सांगणं कोणाला महागात पडतं तिथे गावाचा हट्ट धरून विक्रेत्याला खोटं बोलायला आपणच लावतो. मी 'माहीत नाही' हे उत्तर आनंदाने घेते.

मास्तर_दापोली

लेबलचा एक घरचा अनुभव, वादात भर म्हणून नाही. माझ्याकडे लॉमोंटाइट होता, ओढ्याकाठच्या खोदकामातला. दापोलीच्या दमट हवेत कपाटात तीस वर्षं धडधाकट राहिला. मुलगी नागपूरला घेऊन गेली, दोन उन्हाळ्यांत त्याचं पीठ झालं. या खनिजातलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं. बरणीत पांढरा भुगा आहे आणि मागे माझ्या हातची चिठ्ठी. चिठ्ठीची मात्र उलट तऱ्हा, इथे दापोलीत असती तर कसरीने एव्हाना खाल्ली असती. म्हणून मी आता दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, आणि वहीत नोंद. पायराइट असेल तर आणखी जपा, आपल्या पावसाळ्यात तो आतून कुजतो आणि शेजारच्या लेबलालाही खातो.

मालवणी_तिरफळ

मास्तर, भुगो ठेवलास बरणीत? वैनी काय म्हणता? आमच्याकडे मीठ समजान सारात जायत.

खडीवाला

काल घरी गेलो होतो. माळ्यावर वडिलांची ट्रंक आहे, क्रशर बंद करताना भरलेली. अठरा गारा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. सड्यावरच्यांचं वाचून म्हटलं, विचारून बघू. वडील ऐंशीचे आहेत, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पहिली गार हातात दिली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही दक्षिणेकडच्या भिंतीची, पाणी लागलं त्या वर्षीची." सोळा गारांचं असं सांगितलं. मी लिहून घेतलं. खाण आता तळं झालीय, तेव्हा लपवायचं कोणापासून?

दोन गारांना मात्र नुसतं बघत राहिले. एकीवर निळे ठिपके आहेत, ती आमच्याकडची नाही हे मलाही कळतं. शेवटी म्हणाले, कुठल्याशा ट्रकवाल्याने डिझेलच्या पैशांच्या बदल्यात दिली असेल. दुसरीबद्दल काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर ट्रंकेतली सगळ्यात देखणी तीच आहे.

सड्यावरचा

निळे ठिपके म्हणजे बहुतेक कॅवन्साइट, पण वाघोली लिहू नका. 'ट्रकवाल्याकडून, डिझेलच्या बदल्यात' असंच लिहा, वडिलांच्या शब्दांत.

दुसरीचा फोटो टाका ना.

भरती_ओहोटी

हं. फोटो मागितलात बरं का, गाव नसलेल्या दगडाचा.