दुधाच्या पिशवीचा कोपरा

कढीपत्ता: काल इथे एका ताईंनी ओट्यावरच्या अठरा काचेच्या बरण्यांचा फोटो टाकला, वर 'बायकांनी मनावर घेतलं तर घर महिनाभरात प्लास्टिकमुक्त'. त्या बरण्या बबल रॅपमधूनच आल्या ना? आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध, तेलाची पिशवी, रवा पोहे साखर सगळं पाकीटबंद. वाण्याकडे डबा घेऊन गेले तर म्हणतो सुटं ठेवणं बंद केलं. आता मनावर घेऊन काय करू, म्हैस पाळू? आणि बायकांनीच का?

सदाशिव_काका: राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, पहिल्यांदा सापडलात तर ५००० दंड. लोकांनाच शिस्त नाही. आमच्या लहानपणी कापडी पिशवी न घेता बाहेर पडलो तर मार बसायचा.

कढीपत्ता: काका, पिशवी शिवायचं कोण, तुम्ही की आजी?

बिनसाखरेचा_चहा: शिस्त म्हणे. १२० मायक्रॉनच्या आतली पिशवी चालत नाही, भाजीवाला काय जाडी मोजायचं यंत्र घेऊन बसतो? दुधाची पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार होते, कोणाला मिळाले हात वर करा. मी एकच करतो, कोपरा पूर्ण कापत नाही, चीर देतो. तो एवढासा तुकडा वेचणाऱ्याच्या हाताला लागत नाही, थेट गटारात. पिशव्या धुवून वाळवून साठवल्या की भंगारवाला किलोवर घेतो.

लातूरकर: धुवून!! आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी, पिशव्या धुवायला टँकर मागवू का? पुण्यामुंबईचं शहाणपण तिकडंच ठेवा.

बिनसाखरेचा_चहा: अर्धी वाटी पाणी लागतं हो. विसळायची आणि ते पाणी दुधातच ओतायचं, आई हेच करायची.

मिसेस_डोंबिवली: ईईई! क्रेटमध्ये लोळलेली पिशवी विसळून पातेल्यात?

बिनसाखरेचा_चहा: आतून विसळायची, बाहेरून नाही! कापायच्या आधी बाहेरून धुता ना तुम्ही?

मिसेस_डोंबिवली: माझी स्वच्छता काढू नका. वीस वर्षं संसार केलाय, पाणी घातलेलं दूध घरी कोणी पीत नाही.

सदाशिव_काका: आमचा गवळी आधीच घालून द्यायचा, पिशवीचा प्रश्नच नव्हता.

लातूरकर: हे मात्र खरं बोलला काका 😂 बरं, अर्धी वाटी पाणी जमंल. पण चहाच्या दुधात, प्यायच्या नाही.

कढीपत्ता: विषय बरण्यांचा होता, आठवतंय का कुणाला? असो. चहावाल्यांचं वाचून आत्ता सिंकची जाळी उचलून बघितली. तीन कोपरे, एक निळा दोन पांढरे. आमच्याकडे दूध कापायचं काम ह्यांचं आहे. स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून निळी टिक नाही.