आनुवंशिक, जनुकीय की जन्मजात?

फोंड्याची भाषांतरकार:
एका संस्थेसाठी पालकांना वाटायच्या पत्रकाचं मराठी करते आहे. आमच्याकडे घरात कोकणी बोलणारे आणि वाचायला मराठी घेणारे पुष्कळ, म्हणून शब्द जपूनच घ्यावे लागतात. मागच्या पत्रकात (ते माझं नव्हतं!) एक वाक्य होतं, 'स्वमग्नता हा आनुवंशिक विकार आहे.' (स्वमग्नता म्हणजे ऑटिझम.) ते वाचून एका आजींनी सुनेला विचारलं, "तुझ्या माहेरी कोण होतं गं असं?" सून काय बोलणार? मूळ मजकुरात 'जेनेटिक' होतं. मग 'आनुवंशिक' चुकलं का? 'जनुकीय' लिहिलं तर काय फरक पडतो? आणि 'जन्मजात' कुठे वापरायचा?

मास्तर, म्हापसा:
आधी शुद्धलेखन, जुनी खोड आहे. तुम्ही बरोबर लिहिलंत, पण दहातले आठ जण 'अनुवांशिक' लिहितात. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, अनुषंगाचं आनुषंगिक होतं तशी. मधला 'व' तसाच राहतो.

आता अर्थ. 'आनुवंशिक' म्हणजे वंशातून मागोमाग आलेलं, ते 'अनु'तच आहे. 'जनुकीय' म्हणजे जनुकांशी (जीन्सशी) संबंध असलेलं, एवढंच. बदल कुठून आला याबद्दल तो शब्द गप्प आहे. 'जन्मजात' तर कारणच सांगत नाही. गरोदरपणात आईला रुबेला झाला आणि मूल बहिरं जन्मलं, तर ते बहिरेपण जन्मजात. जनुकीयही नाही, आनुवंशिकही नाही.

कुळागर:
मास्तरांनी रेघ बरोबर मारली. जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, म्हणून थोडी उदाहरणं देतो.

रेट सिंड्रोम घ्या, मेंदूच्या वाढीचा एक विकार. बहुतेक मुलींना होतो. त्याला कारण असलेला एमईसीपी२ जनुकातला बदल १९९९ मध्ये सापडला. जवळजवळ प्रत्येक वेळी हा बदल नव्याने घडलेला असतो, आईवडिलांच्या रक्तात तपासून मिळत नाही. म्हणजे पुरता जनुकीय, तरी आनुवंशिक नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, हे १९५९ पासून ठाऊक आहे. तेही बहुतेकदा बीजपेशी तयार होतानाची गफलत असते, घराण्यातून आलेलं नसतं. खरं तर आपण प्रत्येक जण साधारण ६०-७० नवे बदल घेऊनच जन्माला येतो. बहुतेक निरुपद्रवी. यातले जास्त बदल बापाच्या शुक्रपेशींत घडलेले असतात, आणि बापाचं वय वाढेल तसे ते वाढतात. आजींना हिशेबच मांडायचा असेल तर आधी आपल्या लेकाचं वय विचारा म्हणावं!

उलट फ्रॅजाइल एक्स, बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा विकार. एफएमआर१ जनुकात डीएनएची सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ५५ ते २०० वेळा आली तर माणूस वाहक, २०० च्या पुढे गेली की पूर्ण विकार. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढू शकतो. इथे 'आनुवंशिक'च लिहा, आणि ठळक लिहा, कारण त्या मुलाच्या मावशीलाही तपासणी लागू शकते. हा शब्द सगळीकडे उधळलात तर जिथे तो खरोखर लागतो तिथे कुणी त्याच्याकडे बघणार नाही.

फोंड्याची भाषांतरकार:
मग स्वमग्नता कुठल्या बाजूला?

कुळागर:
दोन्हीकडे पाय. घराण्यातून आलेले असंख्य बारीक बदल असतात, आणि काही मुलांत एखादा मोठा, नवा बदल. गंमत म्हणजे याच 'आनुवंशिक'ने एकेकाळी आयांना सोडवलं होतं. आईच्या माया न करण्याने मूल असं होतं, असं डॉक्टर मंडळी म्हणायची. १९७७ मध्ये इंग्लंडमधला जुळ्यांचा अभ्यास आला. ११ एकसारख्या (जनुकं जवळपास तीच असलेल्या) जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही स्वमग्नता, आणि १० वेगळ्या जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नाही. तिथून तो आरोप ढासळू लागला. आता तुमच्या पत्रकाने दुसरा लावला.

वाचक, डिचोली:
पण पेपरात येतं, 'छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) ८० टक्के आनुवंशिक'. म्हणजे शंभरातल्या ८० मुलांना होणार?

कुळागर:
नाही हो. एका पालकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असूनही निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. ते ८० म्हणजे माणसामाणसातल्या फरकात जनुकांचा वाटा किती, त्याचं माप. मानकुराद आंब्याच्या बागेत सगळ्या कलमांना सारखं पाणी, सारखं शेणखत दिलं तर फळांतला फरक कलमांमुळेच दिसणार. अर्ध्या बागेचं पाणी तोडा, तोच आकडा खाली येईल. झाडं तीच. आपण या मापालाही 'आनुवंशिकता' म्हणतो आणि वारशालाही, घोळ तिथे आहे. मी वर्गात 'आनुवंशिक वाटा' म्हणायचो.

शब्दवेडी:
पत्रकात 'जनुकीय दोष' असेल तर तोही काढा. मराठीत दोष असतो आणि दोष देतातही. वाचणारा लगेच विचारतो, कुणाचा? 'बदल' पुरे.

फोंड्याची भाषांतरकार:
असं केलं: 'स्वमग्नतेत जनुकांचा मोठा वाटा असतो. काही बदल घराण्यातून येतात, काही त्या मुलातच पहिल्यांदा दिसतात.'

मास्तर, म्हापसा:
'घराण्यातून' नको, आजी पुन्हा विचारतील कुठल्या घराण्यातून. 'आई किंवा वडील, कुणाकडूनही' लिहा.

आणि 'छिन्नमनस्कता' आलीच आहे तर तिच्यावरही बोलू. मन दुभंगलं, असं नावातच सांगणारा त्यांचा जुना शब्द जपानने २००२ मध्ये बदलला. आपल्याकडे काय सुचतं कुणाला?